वीबे हाउत्स्माचं कपाळ

मानवी मेंदू हे विश्वातलं सर्वांत गहन कोडं आहे आणि ते सोडवणं हे आपल्या पिढीचं कर्तव्य आहे. प्रोफेसर लोडेवाइक स्खेल्टेमाचं प्रत्येक भाषण याच वाक्याने सुरू होतं. दुसरं वाक्य बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या सायकलतळाबद्दल असतं, कारण ते कोडं जास्त लोकांना छळतं.

लोडेवाइक आमच्या नोर्डरलिख्ट हॉस्पिटलच्या मेंदूविभागाचा प्रमुख. आम्ही सगळे त्याला 'अरे लोडेवाइक' म्हणतो. नेदरलँड्समध्ये प्रोफेसर आणि झाडूवाला दोघांनाही नावाने हाक मारतात. फरक एवढाच, की प्रोफेसरच्या खोलीला खिडकी असते. मी त्याच्याच हाताखाली मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. माझं नाव मेनो. माझ्या खोलीत गरम पाण्याचे पाइप आहेत.

काही वर्षांपूर्वी लोडेवाइकने 'कॉम्पास', म्हणजे होकायंत्र, नावाचा प्रकल्प काढला. देशभरच्या हॉस्पिटलांमधून चाळीस हजार मेंदूंचे एमआरआय गोळा करायचे, त्यांपैकी कुणाला पुढे कोणता आजार झाला तेही गोळा करायचं, आणि सगळं एका संगणकात ओतून ढवळायचं. बिघडणारा मेंदू कसा दिसतो हे संगणक आपलं आपण शिकतो. मग हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येक नव्या मेंदूवर त्याने नजर फिरवायची आणि संशय आला की लाल बावटा दाखवायचा.

यात माणसाने चित्र बघायचं कामच उरत नाही. तीच तर खुबी होती. एक चित्र पाहणं हा नुसता किस्सा झाला, असं लोडेवाइक म्हणायचा. चाळीस हजार चित्रं कुणीच न पाहणं याला विज्ञान म्हणतात, असं तो उघड कधी म्हणाला नाही, पण विभागात पुढे जाण्याचा रस्ता तोच होता. नव्याने आलेली हुशार मंडळी सकाळी येऊन आकडे उघडायची, संध्याकाळी आकडे मिटून घरी जायची. त्यांतल्या एकाला मी एकदा विचारलं, मेंदूत डावं-उजवं कसं ओळखतोस? तो म्हणाला, "तो वेगळा कॉलम असतो."

आता हेस्टरबद्दल सांगायला हवं. हेस्टर आमची गोपनीयता अधिकारी. डोक्याच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या भोवती डोकंही येतं ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक असावी. हेस्टरला मात्र तिचा धक्का बसला. नाक, ओठ, हनुवटी सगळं त्यात असतं. कुणी नेटाने बसलं तर त्यातून माणसाचा चेहरा उभा करू शकतो.

"म्हणजे रुग्ण ओळखू येईल!" हेस्टर म्हणाली.

आमच्याकडे रुग्ण ओळखू येणं हा अपघात समजला जातो. लगेच एक प्रोग्रॅम आणला गेला. कॉम्पासमध्ये शिरण्याआधी तो प्रत्येक एमआरआयचा चेहरा तासून काढायचा. भुवईपासून हनुवटीपर्यंत एकच काप, सुरीने चीज कापावं तसा. नाव गेलं, जन्मतारीख गेली, चेहरा गेला. उरला तो निव्वळ मेंदू, कुणाचाही नसलेला. त्या दिवशी विभागात सफरचंदाचा केक आला होता. माणशी एक तुकडा.

वीबे हाउत्स्मा या व्यवस्थेत डोकं आपटून शिरला.

वीबे फ्रीसलंडचा, म्हणजे उत्तरेकडच्या फटकळ मुलखातला, साठी ओलांडलेला नावाडी. खडी आणि वाळू वाहणारं त्याचं जहाज, नाव 'दे होप', म्हणजे आशा. आजाने बांधलं, बापाने चालवलं, वीबे त्याच्यावरच जन्मला. तो आणि बायको सित्स्के राहायचेही तिथेच. जहाजाच्या मागच्या अंगाला लेसचे पडदे, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, पुढे टनावारी खडी. जन्मभर बुटक्या केबिनमध्ये सुकाणूवर ओणवा राहिल्यामुळे वीबेच्या पाठीला असा बाक आला होता, की त्याला आकाश बघायचं तर मागे झुकावं लागे.

मार्चच्या अखेरीस मालाच्या खणाचं लोखंडी झाकण निसटून त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसलं. सित्स्केने त्याला आमच्याकडे आणलं. एमआरआय करायचा ठरला, पण बाकामुळे गड्याला सपाट झोपता येईना. शेवटी डोक्याखाली दोन उश्या सरकवल्या, हनुवटी छातीला टेकवली, तेव्हा कुठे तो यंत्रात मावला. निदान झालं टेंगूळ. दोघं घरी गेले. म्हणजे घर घेऊन गेले.

आठवड्याभरात माझ्या पडद्यावर लाल बावटा आला. हाउत्स्मा, वीबे. मेंदूचा पुढचा भाग झिजलेला. डिमेन्शियाची शक्यता अतिशय दाट.

यात एक बारकावा होता. बावटा नावासकट येई, कारण डॉक्टरला रुग्ण बोलवायचा असतो. ज्यावरून बावटा दाखवला ते चित्र मात्र येत नसे. चित्र एकदा कॉम्पासमध्ये गेलं की ते कुणाचंच नसतं.

डिमेन्शियाचा हा प्रकार वेगळा. यात आठवण शाबूत राहते, भीड जाते. माणूस तोंडाला येईल ते बोलतो, समोरच्याला काय वाटेल याची फिकीर करत नाही, शिष्टाचार विसरतो. हा आजार फ्रीसलंडच्या नावाड्यात कसा ओळखायचा, याबद्दल वैद्यकीय ग्रंथांत काही सापडत नाही.

मी आमच्या विभागाचा मूळ एमआरआय काढून पाहिला. मला तो मेंदू धडधाकट दिसला. तसाच लोडेवाइककडे गेलो.

"अरे, हा हाउत्स्मा. मला तर यात काही झिजलेलं दिसत नाही."

"दिसणार नाहीच," लोडेवाइक प्रेमाने म्हणाला. "डोळा हे फार ढोबळ उपकरण आहे, मेनो. तू एक माणूस बघतोयस. कॉम्पासने चाळीस हजार बघितलेत."

"पण त्याने काय बघितलं ते मला बघता येईल?"

"कशाला? तुझा गोंधळ होईल."

आमच्या आज्या एका बटाट्यावरून पातेल्याची परीक्षा करायच्या. लोडेवाइकने चाळीस हजार पातेली चुलीवर ठेवली होती आणि झाकण उघडायला बंदी होती.

वीबे आणि सित्स्के माझ्यासमोर येऊन बसले. अशा वेळी एक प्रश्नावली असते. ती जवळच्या नातेवाइकाला विचारायची.

"अलीकडे यांच्या बोलण्यात फटकळपणा वाढलाय का?" मी विचारलं.

"वाढायला जागा कुठंय?" सित्स्के म्हणाली.

"दुसऱ्याच्या भावनांची पर्वा कमी झालीय?"

"आमच्या लग्नात यानं पाद्र्याला सांगितलं, आटप बाबा, ओहोटी लागेल."

"लागलीच असती," वीबे म्हणाला. "त्याचं पुराण संपेना."

"अनोळखी माणसांना लाज वाटेल असं काही बोलतात का?"

सित्स्के विचार करू लागली, तेवढ्यात वीबे पुढे झुकला. "डॉक्टर, तू स्वेटर उलटा घातलायस. शिवण बाहेर दिसतेय. मघापासून सांगीन म्हणतोय."

मी पाहिलं. स्वेटर उलटाच होता. मी एक गुण दिला. या प्रश्नावलीत गुण आजाराच्या बाजूने मोजतात.

एकंदर बेरीज भरघोस झाली. आमच्या हॉस्पिटलच्या संचालकाची झाली असती त्याहून थोडी कमीच, पण नियमात बसेल इतकी. मग मला पुढचं सांगावं लागलं. जहाज चालवायला नावाड्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. कॉम्पासचा लाल बावटा लागला की नौकानयन कार्यालयाला आपोआप इशारा जातो. त्यांचा निर्णय येईपर्यंत जहाज हलवायचं नाही.

"कोण म्हणतं माझा मेंदू झिजलाय?" वीबेने विचारलं. "तू?"

"कॉम्पास म्हणतो."

"आमच्या जहाजावर पण कंपास आहे. तो दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. लोखंड जवळ आलं की काहीच्या काही दाखवतो. तुमचा कोण तपासतं?"

मी म्हणालो, त्यासाठी समिती आहे.

"आणि निर्णय नाही म्हणून आला तर?" सित्स्केने विचारलं.

"तर त्यांना पुन्हा सुकाणू धरता येणार नाही."

वीबेने टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. हा माणूस माणसांना मानत नसे. पण प्रमाणपत्र, परवाना, विमा यांच्यापुढे तो शाळकरी पोरासारखा वागायचा. बापाने शिकवलं होतं, की परवाना नसलेला नावाडी म्हणजे तरंगतं लाकूड. त्याने तोंडातून एक शब्द काढला, जो मी गुणांत धरला नाही, आणि साखर कारखान्यामागच्या कालव्यात उभं असलेलं जहाज तिथेच बांधून ठेवलं.

एप्रिल गेला, मे गेला. कार्यालयाचा निर्णय येईना. सित्स्के फोन करी. तिकडून उत्तर मिळे, की वैद्यकीय बाबींवर रुग्णाच्या घरच्यांशी बोलता येत नाही, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणजे मी. मला कार्यालयाशी बोलायला मनाई होती. इशारा सरळ यंत्रातून जातो, मध्ये माणसाचा हात लागत नाही, हे लोडेवाइक परदेशी पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. हात लागला की म्हणे पक्षपात शिरतो.

मी दर महिन्याला वीबेला तपासत होतो. हिशेब, शब्द, चित्रं, चालणं, सगळं ठीक. कालव्यांवरचे पूल त्याने उत्तरेपासून रॉटरडॅमपर्यंत ओळीने सांगितले, वर कोणत्या पुलावरचा माणूस झोपाळू आहे तेही सांगितलं. मी हे लोडेवाइकला कळवलं.

"सुरुवातीच्या टप्प्यात रुग्ण अगदी निरोगी वाटतात," तो म्हणाला. "कॉम्पासचं मोठेपण तेच तर आहे. काहीही नसताना त्याला कळतं."

मी या वाक्यावर बराच वेळ विचार केला. त्यात चूक शोधता येत नव्हती.

ऑगस्टपर्यंत वीबेचं खडीचं काम दुसऱ्याने घेतलं. बांधून ठेवलेलं जहाज फुकट राहत नाही. त्याला जागेचं भाडं असतं, रंग असतो, विमा असतो. पालिकेने त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या देऊ केल्या. सित्स्के बघून आली. म्हणाली, "छान आहेत. नुसत्या जागच्या जागी उभ्या असतात."

सप्टेंबरमध्ये आम्स्टरडॅमहून एक जोडपं जहाज बघायला आलं. त्यांना मालाच्या खणात श्वास घेण्याची शिबिरं भरवायची होती.

"श्वास?" वीबेने त्यांना विचारलं. "आत्तापर्यंत काय करत होता?"

तरीही किंमत ठरली. सही शुक्रवारी करायची. त्याच्या आधीच्या सोमवारी वीबे न सांगता माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मला ते चित्र बघायचंय," तो म्हणाला. "बापाचं जहाज विकतोय. ज्यावरून विकतोय ते एकदा डोळ्यांनी बघीन. मग काय ती सही करतो."

मी त्याला हेस्टरकडे नेलं. हेस्टरने शांतपणे ऐकून घेतलं. कायद्याने प्रत्येक माणसाला स्वतःचा डेटा बघायचा हक्क आहे, ती म्हणाली, तो हक्क पवित्र आहे. अडचण एकच. हजारो चित्रांतलं वीबेचं चित्र कोणतं हे शोधायचं तर त्याची ओळख उघड होणार.

"कुणाला?" वीबेने विचारलं.

"जो बघेल त्याला."

"मी बघणार आहे."

"तेच तर," हेस्टर म्हणाली. "म्हणजे तुमची ओळख तुम्हाला उघड होईल. त्याला तुमची संमती लागेल."

"बाई," वीबे म्हणाला, "मी मला ओळखतो. बासष्ट वर्षं एका खोलीत राहतोय."

हेस्टरला हे तिच्या चौकटीत कुठेच बसवता येईना. पण हक्क पवित्र होता आणि ती प्रामाणिक बाई होती. मंगळवारी बैठक ठरली.

बैठकीच्या खोलीत लोडेवाइक, हेस्टर, मी, वीबे आणि सित्स्के. आमच्या पद्धतीप्रमाणे कॉफी आली, बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक घेतलं. वीबेने दोन घेतली. लोडेवाइकने माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मी डब्याचं झाकण लावलं.

लोडेवाइकने आधी भाषण केलं. सर्वांत गहन कोडं, आपली पिढी, वगैरे. सायकलतळ त्याने पाहुण्यांसाठी गाळला. मग हेस्टरने नावं आणि चित्रं जुळवणारी गुप्त चावी घालून चित्र शोधलं आणि ते भिंतीवर आलं.

मला वाटतं, कॉम्पासच्या पोटातलं चित्र डोळ्यांनी बघायची लोडेवाइकची ही पहिलीच वेळ होती. डोकं एका बाजूने दिसत होतं. मागे सगळं गोल, नीट. पुढे नाक नव्हतं, ओठ नव्हते; ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्याबरोबर कपाळही नव्हतं. कपाळाच्या मागे जो मेंदू असतो त्याचाही चांगला जाडसर काप गेला होता. पावाच्या टोकासारखा.

"हे माझं डोकं?" वीबेने विचारलं.

"हो," हेस्टर म्हणाली.

"पुढचं कुठंय?"

"चेहरा तुमच्या सुरक्षेसाठी काढलाय."

"चेहरा काढलाय ते दिसतंय मला. वरचं कुणी नेलं?"

लोडेवाइक उठून भिंतीजवळ गेला, चष्मा वर केला, खाली केला. "झीज बऱ्यापैकी आहे," तो म्हणाला.

"झीज इतकी सरळ रेषेत?" मी म्हणालो. "पट्टी लावून?"

मी माझ्याकडचा मूळ एमआरआय शेजारी लावला. तेच डोकं, तोच दिवस. कपाळ होतं. त्याच्या मागे मेंदू होता, काठोकाठ. आणि हनुवटी छातीला टेकलेली होती, कारण डोक्याखाली दोन उश्या होत्या. चेहरा तासणारा प्रोग्रॅम असं धरून चालतो, की माणूस सपाट झोपलाय आणि त्याचं तोंड छताकडे आहे. वीबेचं तोंड स्वतःच्या पायांकडे होतं. सुरी आपल्या ठरलेल्या जागेवरून गेली. तिथे चेहऱ्याऐवजी कपाळ आलं.

"बाकीचे लाल बावटे बघू," मी म्हणालो.

"ते ओळख नसलेले आहेत," हेस्टर म्हणाली. "ते बघायला हरकत नाही. बघून काही कळणार नाही."

कळलं. एकामागून एक डोकी भिंतीवर आली. बहुतेकांच्या माना तशाच वाकलेल्या, कपाळं तशीच सपाट कापलेली. वाकलेल्या पाठीची, उशीवर टेकवलेली म्हातारी माणसं. म्हाताऱ्या माणसांत डिमेन्शिया जास्त असतो, हे कुणाच्याही आजीला माहीत आहे. यंत्र बिचारं हुशार होतं. ज्यांचं कपाळ नाही त्यांना डिमेन्शिया, एवढा साधा नियम त्याने पकडला आणि इमानाने लावला. मेंदू आम्ही कापला, हरवला म्हणून त्याने बोंब मारली, आणि आम्ही त्या बोंबेला निदान म्हणालो. एवढा पैसा, एवढी वीज, देशभरची हॉस्पिटलं आणि चाळीस हजार डोकी खर्चून कॉम्पासने एकच गोष्ट सिद्ध केली होती, की वय झालं की पाठ वाकते.

लोडेवाइक अजून भिंतीजवळच उभा होता. मला वाटलं, माफी मागेल. मी त्याला वीस वर्षं ओळखतो. असं वाटायला नको होतं.

"हे अत्यंत रोचक आहे," तो म्हणाला.

"काय रोचक आहे?" सित्स्केने विचारलं.

"मानेचा कोन. यावर आजवर कुणाचंच काम नाही. मानेच्या कोनावरून डिमेन्शियाचा अंदाज! मेनो, यावर वेगळा निबंध होईल."

"अरे, पण हाउत्स्मांना डिमेन्शिया नाही."

"एका माणसाने काही फरक पडत नाही."

हेस्टर मात्र पांढरी पडली होती. मला बरं वाटलं, निदान एकीला तरी घडल्या गोष्टीचं गांभीर्य कळलं.

"मेनो," ती हळूच म्हणाली, "तू तो मूळ एमआरआय सगळ्यांसमोर दाखवलास. पूर्ण चेहऱ्यासकट. हा डेटाभंग आहे. मला तो कळवावा लागेल."

"कुणाचा चेहरा?" मी विचारलं.

"यांचा."

आम्ही सगळ्यांनी वीबेकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, म्हणजे नीट दिसावं.

"माझं सगळं आहे ना जागेवर?" त्याने बायकोला विचारलं.

"आहे बाबा," सित्स्के म्हणाली. "थोडंफार गेलं असतं तरी चाललं असतं." मग ती लोडेवाइककडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "शुक्रवारी आमचं जहाज विकलं जाणारे. तुमचा तो बावटा आजच्या आज काढा."

"नक्कीच," लोडेवाइक म्हणाला. "बावटा मागे घ्यायला एक प्रक्रिया आहे. पडताळणी समिती ऑक्टोबरातल्या शरदाच्या सुट्टीनंतर बसते. तिच्याकडून शिफारस येते, मग ती प्रणालीत—"

"आजच्या आज."

"बाई, तुमची भावना मी समजू शकतो."

"तुला भावना समजतात होय," वीबे म्हणाला. "मग एक काम कर. त्या दोन उश्या घे, तिथे आडवा हो, आणि तुझं कपाळ काढून दाखव. बघू, काय उरतं ते."

लोडेवाइकने वहीत काहीतरी टिपलं. फटकळपणाबद्दल असावं.

मी कॉफी अर्धी टाकून बाहेर आलो. माणसाचा हात लागू द्यायचा नाही हा नियम मला ठाऊक होता. पण हेस्टर माझ्यावर एक ठपका ठेवणारच होती, दुसऱ्याने काही बिघडत नव्हतं. दोघं माझ्या मागे येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. सित्स्केने वीबेचा हात धरला होता. तो तिने तपासणीच्या काळातही कधी धरला नव्हता. मी नौकानयन कार्यालयाला फोन लावला.

पलीकडे एक बाई होती, बहुतेक खात खात बोलणारी. मी नाव सांगितलं, हॉस्पिटल सांगितलं, आणि म्हणालो, की वीबे हाउत्स्मा, जहाज 'दे होप', यांच्याबद्दलचा इशारा चुकीचा होता, तो मागे घ्यायचाय, निर्णय काही झाला असेल तर थांबवा.

"हाउत्स्मा," ती म्हणाली. बटणांचा आवाज आला. "हाउत्स्मांबद्दल इशारा नाहीये."

"एप्रिलमध्ये पाठवलाय. आमच्या कॉम्पासमधून."

"अच्छा, ते!" तिने घास गिळला. "तुमच्याकडून येतात खरे. एका नावाड्याचा मेंदू झिजलाय म्हणून. कुठला नावाडी ते लिहिलेलं नसतं. आम्ही विचारलं होतं, नाव द्या. तर उत्तर आलं, की गोपनीयतेमुळे देता येत नाही."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? देशात नावाडी पुष्कळ आहेत. सगळ्यांनाच थोडी थांबवणार? बंद केलं प्रकरण."

मी फोन ठेवला. वीबेने मान वर करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून तो बाकावर मागे रेलला आणि माझ्याकडे बघू लागला.

"काय म्हणतात?"

मी सांगितलं. त्याचं प्रमाणपत्र पुढच्या मार्चपर्यंत चालू होतं. ते कुणी कधी थांबवलंच नव्हतं.